जवळ आलेली मासळी

दसरा झाला की कोल्हापुरात मासळीचे गिऱ्हाईक वाढते. श्रावण, गणपती, नवरात्र असे न खाण्याचे दिवस मागे पडलेले असतात आणि त्याच सुमाराला आंबा, फोंडा आणि गगनबावड्याच्या घाटांतून बर्फात घातलेला बांगडा आणि तारली वर येऊ लागते. माल पुष्कळ आला की भाव उतरतो आणि समुद्राला आता भर आला, असे सगळेच म्हणू लागतात. हे अर्धेच खरे आहे. आश्विन-कार्तिकात कोकणच्या किनाऱ्याजवळ मासळी अधिक दिसते, पण ती जवळ येते याला भरपूर खाद्य हे एक कारण आहे, तसे खालच्या पाण्यातली प्राणवायूची टंचाई हेही एक कारण आहे. मासळी सर्वांत जास्त असण्याचा काळ आणि मासळी सर्वांत सहज सापडण्याचा काळ या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक मानल्या की मासेमारीचे नियमही चुकीच्या महिन्यांना लागतात. महाराष्ट्रात तसे झाले आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी समुद्रात काय घडते ते पाहू. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे आणि किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा प्रवाह यांमुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरते आणि त्याच्या जागी खोलातले थंड पाणी वर चढते. केरळ-कर्नाटकापुढे हे जोरात होते. गोवा आणि दक्षिण कोकणापर्यंत येता येता जोर कमी होतो, पण परिणाम जाणवतो. या थंड पाण्यात नायट्रेट-फॉस्फेटसारखी खते असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी वाढतात आणि या दोहोंवर तारली-बांगड्याचे थवे पोसतात. पण त्याच पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो, कारण अरबी समुद्राच्या मधल्या थरातला प्राणवायू जगातल्या सर्वांत कमी पातळ्यांपैकी आहे. शिवाय माजलेली वनस्पती मरून खाली बसते, कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाते. वरून हवा मिसळून हे पाणी सुधारावे, तर पावसाचे आणि नद्यांचे गोडे, हलके पाणी त्यावर झाकणासारखे बसलेले असते. गगनबावड्याच्या पूर्व उतारावर पडलेला पाऊस कुंभीतून पंचगंगेला येतो आणि पश्चिम उतारावरचा वाघोटणेतून विजयदुर्गच्या खाडीला जातो. कोकणातल्या अशा सगळ्या नद्यांचे मिळून पाणी पावसाळाभर समुद्रावर पसरत राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा पडतो, ऊन तापते, वरचा थर आणखी हलका होतो आणि खालचे पाणी कोंडले जाते.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीपुढच्या समुद्रात एक ठिकाण धरून वर्षानुवर्षे मोजमापे घेतली आहेत. सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही पाण्यात आढळतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे मुख्य महिने. पुढे किनाऱ्यालगतचा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, वर आलेले पाणी पुन्हा खाली दबते, थर मिसळतात आणि साधारण हिवाळ्याच्या तोंडाशी तळापर्यंत प्राणवायू पोचतो. मधल्या काळात मासळीला राहण्याजोगा समुद्र उंचीने कमी झालेला असतो. तळाशी राहणारी मासळी वर किंवा उथळात सरकते. वरच्या थरात फिरणाऱ्या थव्यांना खाली उतरायला जागा उरत नाही.

हे कोल्हापूरकराला वेगळे समजावून सांगायची गरज नाही. पंचगंगेत दूषित पाणी सुटले की तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडी टाकतात, काठाला गोळा होतात आणि लोक ते हातांनी वेचून नेतात. त्या दिवशी नदीत मासे वाढले, असे कुणी म्हणत नाही. नदीतले कारण माणसाने केलेले आणि समुद्रातले बहुतांशी निसर्गाचे, नदीतले मासे मरतात आणि समुद्रातले बहुतेक निसटून जातात, हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. पण तिथे मासा काठाला का आला हे ज्याला कळते, त्याला मालवणच्या किनाऱ्यावरची ऑक्टोबरमधली गर्दी समजायला हरकत नाही.

गरी टाकणाऱ्याला हा काळ पूर्वीपासून ठाऊक आहे. पाऊस ओसरला की खाड्यांचा गढूळपणा खाली बसतो आणि पाणी निवळते, म्हणजे माशाला आमिष दिसते. पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा येतो आणि या दोहोंच्या मधले तास शांत असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी जोराने ओसरते आणि त्याबरोबर बोयटांची लहान पिल्ले बाहेर फेकली जातात. त्यांच्यासाठी तांबोशी, चोणक, गोबरा हे शिकारी मासे खाडीच्या मुखाशी आणि कातळांच्या कडेला दबा धरतात. देवगड, विजयदुर्ग, जयगड इथल्या खडकांवरून गरवणारे लोक ओहोटी लागताच बसतात, त्याचे कारण हे. धोकाही याच महिन्यांत असतो, कारण अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांचे प्राण गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या वेळी परराज्यांतल्या बोटीही देवगडच्या सुरक्षित बंदरात आसऱ्याला आल्या होत्या.

शरदात मासळी किनाऱ्याला लागणे ही गोष्ट आपल्यापुरती नाही. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्सपासून न्यूयॉर्कच्या माँटॉकपर्यंत, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी थंड होऊ लागले की लहान मासे दक्षिणेकडे निघतात आणि स्ट्राइप्ड बास हा मोठा शिकारी मासा त्यांच्या मागे अगदी वाळूपर्यंत येतो. तिथे फ्लाय फिशिंग करणारे हौशी लोक वर्षभर याच दिवसांची वाट पाहतात. पिसे आणि धागे गुंडाळून केलेले खोटे आमिष लवचिक काठीने फेकायचे, अशी ती पद्धत. आमिषाला वजन जवळपास नसते, म्हणून फेक साधारण वीस-पंचवीस मीटरच जाते. मासा स्वतःहून इतका जवळ येतो म्हणूनच ती पद्धत समुद्रावर चालते. तिथे कारण प्राणवायूचे नाही, थंडीचे आणि स्थलांतराचे आहे, पण परिणाम सारखाच: अख्ख्या किनाऱ्याचा मासा काही आठवडे अरुंद पट्ट्यात सापडतो. विसाव्या शतकाच्या सत्तरीनंतर हा मासा अतिमासेमारीने इतका घटला की १९८४ साली अमेरिकी काँग्रेसला त्याच्या रक्षणासाठी खास कायदा करावा लागला आणि काही राज्यांनी त्याची मासेमारी पूर्ण बंद केली. १९९५ साली तो सावरल्याचे जाहीर झाले. पुढे पुन्हा घट दिसली तेव्हा २०२३ पासून हौशी मच्छीमाराला समुद्रावर दिवसाला एकच आणि तोही २८ ते ३१ इंच लांबीचाच मासा ठेवता येतो. त्याहून लहान वाढण्यासाठी सोडायचा, त्याहून मोठा अंड्यांसाठी सोडायचा. एकेक मासा हातात घेऊन मोजायची पद्धत असल्यामुळे हा नियम पाळता येतो.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. पर्ससीन जाळ्याला याहून अधिक बंधने आहेत. हे जाळे थव्याभोवती गोल फिरवतात, तळाची दोरी ओढून खालून मिटवतात आणि सापडलेला सगळा थवा एकदम उचलतात. पर्ससीनच्या अभ्यासासाठी नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनचे परवाने आणि क्षेत्र यांवर मर्यादा आणली आणि हंगामही ठरवून दिला: सप्टेंबर ते डिसेंबर. आदेशामागचा हेतू चांगला होता आणि पारंपरिक मच्छीमारांनी त्यासाठी दीर्घकाळ संघर्ष केला होता, याबद्दल मला आदरच आहे. पण निवडलेले चार महिने पाहा. त्यातले पहिले दोन हे थवे पातळ थरात कोंडलेले असण्याचे दिवस आहेत. तारली-बांगड्याचा विणीचा मुख्य काळ पावसाळा, म्हणजे त्या सालची पिल्ले थव्यात मिसळलेली असतात, तेही याच दिवसांत. थवा उचलण्यात सर्वांत कार्यक्षम असलेले जाळे आपण थवा सर्वांत असहाय असताना मोकळे सोडतो. माझी सूचना साधी आहे: पर्ससीनचे चार महिने तेवढेच ठेवावेत, फक्त दोन महिन्यांनी पुढे ढकलावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत थर मिसळलेले असतात, मासळीला खोलात जायला वाट असते आणि पिल्लेही काहीशी वाढलेली असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरातला किनारपट्टा रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे), गरी आणि लहान होड्यांच्या जाळ्यांना राहू द्यावा.

याला पहिला आक्षेप पर्ससीनवाले घेतील आणि तो रास्त आहे. बोटीवर कर्ज, खलाशांचे आगाऊ पैसे, दोन महिने बसून काढलेले, आणि नेमके भरल्या हंगामात थांबा म्हणता? जानेवारीनंतर थवे विखुरतात, तेव्हा काय मिळणार? मिळकत घटेल हे मी नाकारत नाही. म्हणूनच हा बदल नुसता आदेश काढून करू नये, पहिली दोन-तीन वर्षे कर्जाच्या हप्त्यांची सवलत त्यासोबत यावी. पण थवे विखुरल्यावर मिळत नाहीत, हे त्यांचेच म्हणणे सांगते की आजची मिळकत कोंडलेल्या थव्यावर उभी आहे.

दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे आणि अधिक वजनदार. तारली दोन-अडीच वर्षे जगते, वर्षाच्या आत विणीला येते, अंडी भरमसाट घालते. असा मासा पकडला नाही तरी मरणारच, आणि त्याचे प्रमाण ठरवतो तो समुद्र, जाळे नव्हे. केरळात २०१२ साली जवळजवळ ३.९ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनही मिळाली नाही. एवढी पडझड जाळ्यांनी केलेली नाही, समुद्राच्या तापमानाचा आणि पावसाचा त्यात मोठा हात आहे, हे मान्य. पण याचा अर्थ जाळे निर्दोष ठरते असा होत नाही. समुद्र वाईट साल देणार हे ठाऊक असेल तर चांगल्या सालात बीज मागे ठेवणे अधिकच गरजेचे ठरते. आणि वाईट सालीही उरलेले थोडे थवे किनाऱ्याजवळ गोळा झाले तर जाळी भरलेली दिसतात, माल येत राहतो आणि समुद्र रिता झाल्याचे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

गरीने बाजार भरत नाही, असेही कुणी म्हणेल. खरे आहे. गरी हा पर्ससीनला पर्याय नाही, आणि रापणही निर्दोष नाही. तिच्या बारीक आसाच्या पोटात बोटभर पिल्ले येतात आणि ती वाळूवर मरतात. फरक प्रमाणाचा आहे. रापण किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, ती थव्याच्या मागे जाऊ शकत नाही. राहिला प्रश्न कर्नाटकातल्या मलपीहून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरांचा: आम्ही थांबलो तर ते नेतील. यावर उत्तर पहाऱ्याचेच आहे. बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत आहे, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ साली दंड वाढवून सुधारणा झाली आहे आणि २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली आहे. घुसखोरी थांबवण्यासाठी ही साधने वापरायची की घुसखोरी होते म्हणून आपणही लुटायचे, हा निर्णय शासनाचा आहे.

तोवर घाटावरच्या गिऱ्हाइकाच्या हातातही काही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली, त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे नियमाविरुद्ध आहे. हा नियम बंदरावर जितका पाळला जाईल तितकाच बाजारातही पाळायला हवा. दसऱ्यानंतर लक्ष्मीपुरीत बोटभर बांगडे स्वस्त दिसले तर ते घेऊ नका आणि विक्रेत्याला न घेण्याचे कारणही सांगा. दोन महिने थांबलात तर तोच मासा मोठा होऊन घाट चढेल.