धुराने अळी मरत नाही

डेंग्यूचा रुग्ण निघाला की वस्तीत धुराची गाडी येते. आपण दारे लावून घेतो, म्हणजे घरातला डासही वाचतो. पिंपातल्या अळीला तर धूर लागतच नाही. आठवड्याभरात तिचा डास होतो. म्हणून आम्ही बीटीआयची मागणी लावून धरली आहे.

बीटीआय हा मातीतला जिवाणू. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव वाळवंटात, एका डबक्यातल्या मेलेल्या अळ्यांत तो सापडला. त्याच्यात प्रथिनाचे स्फटिक असतात. अळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यात विरघळतात, आतडे फुटते आणि साधारण दिवसभरात अळी मरते. माणसाच्या, गुरांच्या, माशांच्या पोटात तसे होत नाही. मात्र अळीचा कोष झाला की तो काही खात नाही, म्हणून वाचतो. शिवाय औषधाचा जोर काही दिवसांत ओसरतो, गटाराच्या घाण पाण्यात तर लवकरच. त्यामुळे फवारणी पुन्हा पुन्हा हवी. एकदा फवारून फोटो काढला, असे चालत नाही.

“तुम्ही पाणी साठवता म्हणून डास होतात,” हे आम्हाला नेहमी ऐकवतात. नळ दोन दिवसांआड तासभर येतो, तिथे बाई पिंप भरणार नाही तर काय करणार? चवदार तळ्यावर गेलेल्या समाजाला पाण्यासाठी अजून बोल लावता? अर्जात आम्ही फवारणीच्या आधी रोजचे पाणी लिहिले आहे.

तोवर पिंपाला कापड घट्ट बांधा. आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतले काठ घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी तिथेच चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात.