पात्राची बढती

बुद्धिबळाच्या पटावर सर्वांत दुबळे मोहरे म्हणजे प्यादे. परंतु एकेक घर सरकत ते पटाच्या पलीकडच्या टोकास पोहोचले, म्हणजे त्याचा वजीर होऊ शकतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आपल्या देशातील जुन्या पद्धतीच्या बुद्धिबळात मात्र हा नियम निराळा होता. तेथे प्यादे ज्या मोहऱ्याच्या पट्टीतून शेवटचे घर गाठी, त्या मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. उंटाच्या पट्टीतून गेले तर उंट, हत्तीच्या पट्टीतून गेले तर हत्ती. नियम एवढासा बदलला, पण खेळणाराचा विचार किती बदलतो पाहा! आजचा खेळाडू प्यादे कसेही करून पलीकडे पोहोचवू पाहतो. जुना खेळाडू ते कोणत्या पट्टीतून न्यावे, हीही चिंता वाही. बढती कशाबद्दल मिळते, यावर खेळ कसा खेळला जाईल हे पुष्कळसे अवलंबून असते.

भूमिकांच्या खेळात ही गोष्ट अधिकच ठळकपणे दिसते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा असा एक खेळ प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून या प्रकारचे शेकडो खेळ निघाले. यांत पटाची फारशी गरज नसते. एक जण सूत्रधार होतो आणि कथा सांगू लागतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. पात्राचे बळ व कौशल्ये कागदावर लिहिलेली असतात. “मी नदी पोहून जातो,” असे कोणी म्हटले, की ते साधले की नाही हे फासा टाकून ठरवितात. पुष्कळ दिवस चालणाऱ्या अशा कथेला मोहीम म्हणतात. मोहिमेत पात्राला अनुभवगुण मिळतात आणि ते पुरेसे साठले, म्हणजे पात्र एक पायरी वर चढते.

गेल्या दिवाळीच्या सुटीत परतवाड्यास आमच्या घरी भाचरे जमली होती. थोरला भाचा सूत्रधार झाला. त्याने कथा निवडली ती जवळचीच, गाविलगडची. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीची फौज अचलपूरला येऊन ठेपली होती आणि कर्नल स्टीव्हन्सन डोंगरांना वळसा घालून, तोफा ओढीत, गडाच्या उत्तर बाजूस निघाला होता. ही वार्ता किल्लेदार बेनीसिंगास पोहोचवायची, अशी मोहीम ठरली. एक जण घोडेस्वार झाला, एक कोरकू वाटाड्या झाला, एकाने वैदूची भूमिका घेतली आणि धाकटी भाची बहुरूपी झाली. खेळ मोठ्या उत्साहाने सुरू झाला.

सूत्रधाराने नियम केला होता, की जो शत्रूला किंवा श्वापदाला लोळवील त्याला दहा अनुभवगुण. पहिल्याच संध्याकाळी एक अस्वल मेले. दुसऱ्या दिवशी आणखी तीन मेली. घोडेस्वार मुद्दाम वाट सोडून जाळ्यांत शिरू लागला; गाविलगड राहिला बाजूला, मेळघाटात एकही अस्वल शिल्लक राहते की नाही अशी मला धास्ती वाटू लागली! घोडेस्वार चौथ्या पायरीवर गेला, पण वैदू आणि बहुरूपी पहिल्याच पायरीवर बसून राहिले. तिसऱ्या संध्याकाळी भाचीने आपला कागद घडी करून ठेवला आणि ती आजीजवळ तुरीच्या शेंगा सोलीत बसली.

यात घोडेस्वाराचा दोष काय? ज्याला दाम तेच काम तो करीत होता. चूक होती ती निरोप पोहोचविण्याच्या कथेला शिकारीचा नियम जोडण्यात. भाच्याला हे समजावून सांगितले, तेव्हा त्याने नियम बदलला. मोहिमेचा एकेक टप्पा पार पडला, की सर्वांनी मिळून एक पायरी चढायची. पुढे अस्वल दिसले, तेव्हा चौघेही श्वास रोखून झाडामागे उभे राहिले. घाटाखालच्या चौकीवर भाची गोसाव्याच्या वेषात पुढे झाली आणि पहारेकऱ्यांना बोलण्यात गुंतवून तिने सर्वांना पलीकडे काढले. वाटाड्या झालेला मुलगा एके दिवशी तापाने निजून होता, तरी त्याचे पात्र मागे पडले नाही.

हाच नियम सगळीकडे लावावा, असे मात्र नाही. कथेला ठरलेला शेवट नसेल, मुलांनी वाटेल त्या दिशेने रान धुंडाळायचे असेल, तर टप्पे कोठे मोजणार? तेथे नवी गुहा, नवा झरा शोधून काढणाऱ्यास गुण देणे बरे. गायगॅक्स-आर्नेसन यांच्या पहिल्या खेळात राक्षस मारल्याचे गुण थोडे, पण तळघरातून धन बाहेर आणल्याचे पुष्कळ असत. म्हणून चतुर खेळाडू शक्यतो लढाई टाळून धन तेवढे हलवीत. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळात पायऱ्याच नाहीत. जे कौशल्य यशस्वीपणे वापराल, तेच पुढे वाढण्याची संधी मिळते. ही रीत मला स्वतःला फार आवडते, कारण माणूस खरोखर असाच शिकतो. तथापि तिच्यापायी काही खेळाडू कारण नसताना झाडावर चढू लागतात, हेही खरे. याउलट १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’ या खेळातील पात्रे आपली नोकरी व शिक्षण आटोपूनच कथेत येतात आणि पुढे फारशी वाढत नाहीत. एकाच रात्रीत संपणाऱ्या गोष्टीला तर बढतीची गरजच नसते.

इतिहासात गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी पडला आणि बेनीसिंग लढता लढता मारला गेला. आमच्या मुलांचे जासूद त्याआधी दोन दिवस गडाच्या दरवाजाशी पोहोचले. तेथे नवाच प्रश्न उभा राहिला. गोसाव्याच्या वेषातील पोरीचे बोलणे किल्लेदार खरे का मानील? सूत्रधाराने फासा भाचीच्या हाती दिला. घरातील सगळी माणसे भोवती गोळा झाली. आजीदेखील सूप बाजूला ठेवून उठली आणि म्हणाली, “थांब गं, आधी तो वेष उतरव, मग बोल त्याच्याशी.”