दहा बोटांचे ठसे, घरच्या टेबलावर

ईदच्या चौथ्या दिवशी आम्ही जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि धाकट्याच्या दहा बोटांचे ठसे काढायला बसलो. तो अमेरिकेत दोन वर्षे शिकून नाशिकला परतला आहे आणि आता कॅनडासाठी अर्ज करतो आहे. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त मुक्काम झाला, तिथला पोलीस दाखला कॅनडा मागते. अमेरिकेचा दाखला एफबीआय देते. फी १८ डॉलर, सोबत दहाही बोटांचे ठसे. ठसे पुसट निघाले तर ते परत येतात, आणि अर्जाची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. आमचे एकदा परत आले होते.

चूक आमचीच. त्याने एकट्याने, रबरी शिक्क्याच्या पॅडवर बोटे दाबून ठसे उमटवले होते. पॅडची शाई पातळ, ती कागदावर पसरते आणि रेषा एकमेकींत मिसळतात. हवी ती छापखान्यातली काळी, घट्ट शाई. एका ओळखीच्या प्रेसवाल्याने डबीभर फुकट दिली. काचेच्या तुकड्यावर तिचा थेंबभर घेऊन रोलरने इतका पातळ थर करायचा, की काच जेमतेम काळी दिसावी. जाड थर झाला की ठशाचा नुसता डाग होतो.

दुसरे म्हणजे, ठसा देणाऱ्याने स्वतः काही करायचे नाही. हे त्याला पटवायला वेळ लागला! हात सैल सोडायचा, नजर दुसरीकडे ठेवायची. बोट दुसऱ्याने फिरवायचे. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एकदाच. मागे-पुढे केले की रेषा दुहेरी होतात. अंगठा अंगाकडे वळवायचा, बाकीची बोटे अंगापासून दूर. त्यानंतर खालच्या रकान्यांत चार बोटे एकत्र सरळ दाबायची, मग अंगठे. आधी साध्या कागदावर तीन-चार वेळा सराव करा. भिंगातून पाहिल्यावर चक्र किंवा शंखाच्या रेषा सुट्या, मोजता येतील अशा दिसल्या की ठसा जमला समजा. एखादे बोट नसेल तर रकाना कोरा न सोडता तसे लिहावे.

हात कोरडे हवेत. वुजू करून लगेच बसलात तर ओलाव्याने शाई फिसकटते. घाम येत असेल तर स्पिरिटचा बोळा फिरवून पूर्ण वाळू द्या. मुलींच्या बोटांच्या टोकांवर मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत थांबलेले बरे. ब्रिटनच्या व्हिसासाठीही बोटांवर मेंदी किंवा कापल्याची जखम नको असते.

मात्र शाई आणण्याआधी अर्जाच्या सूचना नीट वाचा. काही देशांना पोलिसांनी किंवा वकिलातीने समोर घेतलेले, सही-शिक्क्याचे ठसेच लागतात. तिथे घरचे ठसे कितीही सुबक असले तरी उपयोग नाही. उलट सौदी अरेबियाने काही देशांतल्या उमरा यात्रेकरूंसाठी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बोटांचे ठसे घेण्याची सोय केली. तिथे ना शाई, ना कागद.

या शास्त्राचा मोठा भाग आपल्याच देशात घडला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. तिथे काजी अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे १,०२४ गटांत वर्गीकरण करण्याची पद्धत बसवली. जगभर ती त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली गेली. पद्धतीचे गणित हकसाहेबांचे होते, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे.

धाकट्याचे काम उरकल्यावर अम्मींनीही हौसेने अंगठा पुढे केला. ठसा उमटला तो जवळजवळ गुळगुळीत. आयुष्यभर भांडी घासून, कपडे धुऊन रेषा झिजल्या आहेत. रेशन दुकानातले यंत्र त्यांचा अंगठा का ओळखत नाही, ते त्या दिवशी आम्हाला डोळ्यांनी दिसले. आब्बांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला आता आम्ही जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर त्यांचा चेहरा दाखवून घरीच काढतो. ही सोय २०२१ पासून आहे.

सरावाचे आणि बिघडलेले कागद आम्ही कचऱ्यात टाकले नाहीत, चुलीत जाळले. कागदावरच्या ठशांवरून रबरी अंगठे बनवून आधार-जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार घडले आहेत. एजंट ‘दोन-चार कोऱ्या कागदांवरही ठसे देऊन ठेवा’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. आधारचे बायोमेट्रिक मोबाईलवरून लॉक करता येते आणि गरजेपुरते उघडता येते. आम्ही घरातल्या सगळ्यांचे त्याच संध्याकाळी लॉक केले. शाई मात्र खोबरेल तेल आणि साबण लावूनही दोन दिवस नखांत राहिली.