पडद्यापुढचं पोर, पडद्यामागचं घर

घरच्या फोटोचा काळ ओळखायचा तर पोराच्या मागे काय दिसतं ते पाहावं. पोरं सगळ्या काळात सारखीच: डोळ्यांत काजळ, गालाला तीट, हातात अर्धं बिस्कीट. बदलते ती मागची भिंत. देवरीतल्या घरोघरच्या फोटोंचा आढावा घेताना मी चेहरे जरा बाजूला ठेवले आहेत.

देवरी हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाचं, छत्तीसगडला टेकलेलं तालुक्याचं गाव. मुंबई-कोलकाता महामार्ग इथून जातो. त्याचा नंबर पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. आजूबाजूला जंगल आणि धानाच्या बांध्या, बाजारात गोंडी, झाडीबोली, छत्तीसगडी आणि हिंदी. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख भंडाऱ्याचा.

आधी स्टुडिओ होता. तिथे पोराच्या मागे रंगवलेला पडदा: तळं, हंस, जिना, कुठल्याशा महालाचा सज्जा. पोर पालथं घालायचं, मान उचलली की फोटोग्राफर ओरडायचा, ‘‘इकडं पाय बाबू, चिडी उडून रायली!’’ फोटो सुंदर यायचा, पण त्यावरून ते पोर कुठल्या घरात वाढलं याचा पत्ता लागत नाही. पडदा लावायचाच मुळी घर दिसू नये म्हणून.

घर दिसायला लागलं ते हौशी लोकांमुळे. गावात एखादा मास्तर, एखादा वनखात्यातला बाबू, नाहीतर भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला असलेला मामा, यांच्या गळ्यात कॅमेरा आला. आग्फा क्लिक थ्री हा त्या पिढीचा लाडका डबा. १२०च्या रोलवर १२ चौकोनी फोटो. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही मिळायचा. या कॅमेऱ्याला ऊन लागायचं, घरातल्या अंधारात काही उमटायचं नाही. म्हणून झाडून सगळे अंगणात यायचे आणि अंगणाबरोबर बाकीचं सगळंच फोटोत शिरायचं: कवेलूचं छप्पर, उभी बंडी, वाळत घातलेला मोह, खाटेवरची गोधडी, कडेला अर्धीच आलेली आजी. पोर हललं की त्याचा चेहरा पुसट आणि मागची बंडी मात्र स्पष्ट. तेव्हा असा फोटो वाया गेला म्हणायचे. मला विचाराल तर आज सगळ्यात मोलाचे तेच.

पुढे ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेरा आला, मग कोडॅकचा केबी-१०. फ्लॅश लागला, रंग आला, एका रोलमध्ये ३६ फोटो बसायला लागले. रोल धुवायला गोंदियाला जायचा. आता खोली दिसू लागली: शोकेस, टीव्हीवरचं विणकाम, देवांचं कॅलेंडर, पहिल्या वाढदिवसाचा केक आणि फ्लॅशने लाल झालेले डोळे. हा काळ मी थोडक्यातच आटोपतो, कारण त्यातले अर्धे फोटो वाढदिवसाचे आणि उरलेले लग्नाचे आहेत.

पोरांकडे कॅमेरा रोखण्याची हौस देवरीपुरती नव्हती. चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग (१८७०–१९५४) आयुष्यभर आपल्या दोन मुलींचे आणि बायकोचे फोटो काढत राहिले. आपल्याकडे दादासाहेब फाळके सिनेमावाले होण्याआधी फोटोग्राफर होते. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांनी आपली लहानगी लेक मंदाकिनी कृष्ण केली. सिनेमाच्या सुरुवातीलाच ती कॅमेऱ्यापुढे नुसते हावभाव करून दाखवते. आज मोबाइल समोर धरून ‘‘हस पाहू, आता रड पाहू’’ म्हणणारा बाप दुसरं काय करतो?

मोबाइलने ऊन, रोल आणि खर्च तिन्ही गोष्टी मिटवल्या, आणि कॅमेरा आईच्या हाती आला. हे मोठंच झालं. जुन्या फोटोंत बाप नसायचा, कारण तो कॅमेऱ्याच्या मागे असायचा. आता आई नसते. पण तिच्या फोनमध्ये न्हाणीतलं पोर आहे, चुलीपाशी झोपलेलं आहे, रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या झोळीतलंही आहे. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणारी, कृष्ण नाहीतर शिवाजी झालेली पोरं आहेत. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथे पाहुण्यांच्या पोरांबरोबर दंडारीच्या खेळापुढे काढलेले फोटो आहेत. आणि एक नवाच प्रकार: कामासाठी नागपूर-रायपूरला गेलेल्या बापाचा व्हिडिओ कॉल चालू असताना काढलेला स्क्रीनशॉट. पोर मोठं, बाप कोपऱ्यातल्या चौकटीत. कुटुंबाचा एकत्र फोटो म्हणून काही घरांत आता हाच आहे.

मात्र पोरामागचं घर फोटोत दिसायला लागलं होतं, ते आपणच घालवायला निघालो आहोत. फोनमध्ये पोर्ट्रेटची सोय आहे, ती मागचं सगळं धूसर करते. त्यावर फुलं, फुगे, गोरा रंग. बंडी गेली, कवेलू गेले, आजी तर आधीच कापली. स्टुडिओचा पडदा खिशात येऊन बसला. छापून येतो तो एकच फोटो, प्रवेशासाठी काढलेला पासपोर्ट साइजचा. त्याच्यामागे तर कोरा पांढरा रंग. बाकीचे फोन बिघडला की फोनबरोबर जातात.

या तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणी फोटोंच्या नजरेने पाहत नाही. देवरीला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, आणि इथली पुष्कळ आदिवासी मुलं पहिलीपासून आश्रमशाळेत राहायला जातात. त्या घरांतले फोटो पोर सहा वर्षांचं होईपर्यंत भरभरून, मग एकदम विरळ: दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, संपलं. पडलेला दात, पहिल्यांदा स्वतः पाडलेला भांग, आजारपणातून उठलेला चेहरा, हे आईच्या फोनमध्ये नाही. मधल्या महिन्यांचं पोर सापडलंच तर शिक्षकांच्या फोनमध्ये, १५ ऑगस्टच्या रांगेत किंवा स्नेहसंमेलनाच्या घोळक्यात. तो फोटो कधी व्हॉट्सअॅपवर फिरत घरी पोचतो आणि आई दोन बोटांनी तो मोठा करत आपलं पोर शोधते. सुट्टीला निघताना प्रत्येक पोराच्या हाती त्याचा स्वतःचा एक छापील फोटो, मागे वर्ग आणि साल लिहून, शाळेने दिला तर त्याला फार खर्च येणार नाही. फक्त तो पांढऱ्या पडद्यापुढचा नको. वसतिगृहाच्या ओट्यावरचा, ताटांच्या रांगेतला चालेल.