ढिगाला काडी लावण्याआधी

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या शाळेच्या आवारातला वड आणि बदाम पाने गाळू लागतात. ती झाडून कोपऱ्यात ढीग करायचा आणि त्याला काडी लावायची, ही वर्षानुवर्षांची रीत. आम्ही शिक्षकही तिला साफसफाईच म्हणत होतो. एका सकाळी त्या धुरात सहावीतली एक मुलगी खोकत खोकत खाली बसली. तिला दमा आहे, हे आम्हाला ठाऊक होते. तिची अम्मी आली. तिने आम्हाला बोल लावला नाही, एवढेच विचारले, "सर, पाने जाळल्याशिवाय शाळा साफ होत नाही का?"

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच देशभर मनाई केली आहे. पण आमच्या हातातली काडी थांबवली ती त्या प्रश्नाने.

भंगारवाल्याकडून आम्ही पाण्याचे दोन फुटके पिंप आणले. तळाला आणि बाजूंना छिद्रे पाडून ते विटांवर ठेवले. तळाशी नारळाच्या शेंड्या पसरल्या. त्यावर चुरलेली सुकी पाने, मग भाजीपाल्याची देठे आणि फळांच्या साली, वर मूठभर माती. रमजान सुरू होता. मुले घरून इफ्तारच्या कलिंगड-खरबुजाच्या साली आणू लागली.

पहिले पिंप बिघडले. उत्साहाच्या भरात सालीच जास्त पडल्या, दुर्गंधी सुटली, अळ्या झाल्या. तेव्हा धडा मिळाला: ओला कचरा एक टोपली, तर सुकी पाने तीन टोपल्या. मिश्रण मुठीत दाबले की ओलसर लागावे, पाणी ठिबकू नये. वास आला तर सुकी पाने घालावीत. कोरडे पडले तर पाणी शिंपडावे. आठवड्यातून एकदा वरखाली केले की हवा खेळते आणि कुजणे लवकर होते. मांस, हाडे, तेलकट उरलेले अन्न यात मुळीच घालू नये. उंदीर आणि कुत्री येतात. कुर्बानीनंतरचा कचरा नगरपालिकेच्या गाडीतच द्यावा.

तीन-चार महिन्यांत पिंपातला माल काळसर, भुसभुशीत झाला. पहिल्या पावसानंतर येतो तसा मातीचा वास त्याला होता. मोडक्या खिडकीच्या जाळीतून तो चाळला आणि तांदळाच्या रिकाम्या गोण्यांत मातीबरोबर भरून पुदिना, कोथिंबीर, मिरची लावली. जुन्या टायरमध्येही रोपे लावता येतात. मात्र त्यात पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात.

ज्यांच्याकडे अंगण नाही, त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादलीपासून सुरुवात करावी. गॅलरीचा एक कोपरा पुरतो. सुकी पाने मिळाली नाहीत तर वर्तमानपत्राचे तुकडे किंवा लाकडाचा भुसा चालतो.

ताटातले अन्न, नळाचे पाणी वाया घालवू नये, इसराफ करू नये, असे आपण मुलांना बजावतो. झाडाखालच्या पानांचा मात्र आम्हीच वर्षानुवर्षे धूर करत आलो.

यंदा पाने पुन्हा गळू लागली आहेत. ती मुलगी आता सातवीत आहे. टोपली घेऊन पाने गोळा करायला ती सर्वांच्या पुढे असते. तिच्या अम्मीने घरच्या कुंड्यांसाठी पिशवीभर खत मागून नेले, तेव्हा तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही वर्षभर उशिरा का होईना, दिले असे वाटले.