सिस्टिक फायब्रोसिस आणि बालकांचे भोजन
सिस्टिक फायब्रोसिस हा सीएफटीआर जनुकातील दोषामुळे होणारा आनुवंशिक आजार आहे. यात दाट स्रावामुळे बहुतांश रुग्णांच्या स्वादुपिंडाच्या नलिका बंद होतात. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत आणि मुलाचे वजन वाढत नाही. म्हणून वैद्यकीय सल्ल्यानुसार स्निग्धांश असलेल्या प्रत्येक खाण्यासोबत पाचक विकरे देतात. वरणभातावर तूप, थालीपिठावर लोणी अशा आहारातून जास्तीचे उष्मांक मिळतात. घामावाटे जाणारे मीठही, विशेषतः उन्हाळ्यात, भरून काढावे लागते.

वजनाच्या काळजीपोटी पालक आग्रह करतात. त्यामुळे मुलाच्या नकारालाच लक्ष मिळते आणि जेवण लांबते. यावर उपाय म्हणून जेवण १५ ते २० मिनिटांत आटोपणे, खाल्लेल्या घासाचे कौतुक करणे आणि नकाराकडे शांतपणे दुर्लक्ष करणे या पद्धती तज्ज्ञ सुचवतात.