शेवट ठाऊक असतानाही मालगुडी

कर्नाटकात शिवमोग्गा–ताळगुप्पा रेल्वेमार्गावर अरसाळू नावाचं लहानसं स्टेशन आहे. तिथल्या जुन्या इमारतीत २०२० साली रेल्वेने एक संग्रहालय उभं केलं आणि त्याला नाव दिलं मालगुडी. हे गाव नकाशात कुठेच नाही. १९३० साली विजयादशमीच्या दिवशी लेखक आर. के. नारायण लिहायला बसले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी आलं ते एक रेल्वे स्टेशन. गाव मागाहून वसलं. नव्वद वर्षांनी त्या कल्पनेतल्या स्टेशनाच्या नावाची पाटी खऱ्याखुऱ्या रुळांशेजारी लागली, याचं मला अजून नवल वाटतं.

अरसाळूची निवड झाली ती ‘मालगुडी डेज’ या मालिकेमुळे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर आलेल्या या मालिकेतली स्टेशनची दृश्यं इथे चित्रित झाली होती. दिग्दर्शक होते शंकर नाग. मातृभाषा कोकणी, उमेदीची वर्षं मुंबईच्या मराठी रंगभूमीवर, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत सहभाग आणि पुढे कन्नड चित्रपटात मोठं नाव. मूळ कथा इंग्रजीत लिहिलेल्या, पात्रं बोलणार हिंदीत आणि गाव मलनाडातलं आगुंबे, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कथांना रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, ज्यांची हयात मुंबईत गेली आणि अखेरची वर्षं पुण्यात. इतक्या भाषांची आणि माणसांची सरमिसळ होऊनही पडद्यावर उभं राहिलं ते एकसंध गाव. मलनाडचा पाऊस कधी न पाहिलेल्या माणसालाही ते आपलं वाटतं.

आणि लोक ते पुन्हा पुन्हा पाहतात. स्वामी, त्याची आजी, पोस्टमन, मिठाईवाला जगन, साऱ्यांचं पुढे काय होणार हे तोंडपाठ असूनही पाहतात. दिवसभराच्या दगदगीनंतर नवी, गाजलेली मालिका लावायचा धीर होत नाही आणि हात आपसूक जुन्या भागाकडे वळतो, हा अनुभव फार जणांचा आहे. शेवट माहीत असलेल्या गोष्टीत असं काय उरतं?

आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. पुढचा शब्द कुठला येईल, दारातून कोण आत येईल, समोरचा चिडेल की हसेल, हे तो क्षणोक्षणी आधीच ठरवून पाहतो. अंदाज चुकला की तो दचकतो, सावध होतो, पुन्हा नव्याने हिशेब मांडतो. नव्या थरारक मालिकेत हे दचकणं हीच गंमत असते, पण त्यासाठी ताकद खर्ची पडते. थकल्या दिवशी ती शिल्लकच नसते. ओळखीच्या गोष्टीत मात्र प्रत्येक अंदाज बरोबर येतो, आणि बरोबर येण्याचंही एक सुख असतं. माँट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ साली काही जणांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं ते पाहिलं. डोपामीन हे सुखाशी जोडलेलं रसायन आवडती जागा आल्यावर तर स्रवतंच, पण ती जागा येणार या चाहुलीनेही स्रवतं, आणि तेही मेंदूच्या वेगळ्या भागात. एल. वैद्यनाथन यांची ‘मालगुडी डेज’ची शीर्षकधून सुरू होताच, गोष्टीतलं एकही पात्र पडद्यावर आलेलं नसताना, खांदे सैल का पडतात हे मला त्या प्रयोगामुळे थोडं कळलं. प्रयोग संगीताचा होता, मालिकेचा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही.

मालिकेवरचाही एक प्रयोग आहे. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात संशोधक जे डेरिक यांना असं आढळलं की मनाला आवर घालण्याचं काम करून दमलेली माणसं आपल्या आवडत्या, आधी पाहिलेल्या मालिकेकडे वळतात आणि त्यानंतर त्यांची ती शक्ती काहीशी परत येते. डेरिक यांचं म्हणणं असं की ओळखीच्या पात्रांचा सहवास मिळतो, पण त्यांच्यापुढे आपल्याला बोलावं-वागावं लागत नाही. मला हे फार खरं वाटतं. स्वामीची आजी आपल्याकडून काहीच मागत नाही.

पण ही झाली विसाव्याची बाजू. मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. शेवट ठाऊक झाला की आपली नजर मोकळी होते.

‘मिसिंग मेल’ ही कथा घ्या. पोस्टमन थानप्पा गल्लीतल्या प्रत्येक घरचा. रामानुजम यांच्या घरात लेक कामाक्षीच्या लग्नाची काळजी, आणि थानप्पा पत्रं देता देता स्थळांची चौकशी करतो, धीर देतो, मार्ग सुचवतो. अखेर स्थळ जमतं, पण लग्न वीस मेलाच उरकायला हवं, कारण नवरदेव त्यानंतर प्रशिक्षणासाठी लांब जाणार. मांडव पडतो, लग्न पार पडतं. मग काही दिवसांनी थानप्पा खाल मानेने एक कार्ड आणि एक तार हाती ठेवतो. रामानुजम यांचे काका अत्यवस्थ असल्याचं आणि नंतर ते गेल्याचं कळवणारी. लग्नाआधी ती दिली असती तर सुतक, आणि सुतक म्हणजे लग्न मोडलंच. त्याने टपाल अडवून धरलं होतं. नोकरी जाईल हे माहीत असून.

पहिल्यांदा पाहताना आपण वधूपित्याच्या चिंतेत असतो, थानप्पाकडे आपलं लक्षच नसतं. दुसऱ्यांदा पाहताना मांडवातली प्रत्येक लगबग वेगळी होते, कारण त्या गर्दीतल्या एका माणसाजवळ काय आहे हे आता आपल्याला ठाऊक असतं. रामानुजम यांना ठाऊक नसतं. गोष्टीतला एक शब्दही बदललेला नाही, तरी ती आता पोस्टमनची गोष्ट झालेली असते. पहिल्या खेपेला ही गोष्ट आपल्याला पाहताच येत नाही!

कॅलिफोर्नियात लेव्हिट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली वाचकांना काही लघुकथा दिल्या, त्यांतल्या काहींचा शेवट आधीच सांगून टाकला, आणि शेवट माहीत असलेल्या कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत निष्कर्ष उलटे आले, त्यामुळे हा नियम म्हणता येणार नाही. तरी आपल्याला यात फार अचंबा वाटू नये. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार पाहायला बसलेल्या कोणाला संकासुराचं काय होणार हे माहीत नसतं? कीर्तनातलं आख्यान कोणाला नवं असतं? तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत, कारण ती बुवांनी या वेळी प्रसंग कसा फुलवला हे ऐकायला आलेली असतात.

मात्र प्रत्येक मालिका पुन्हा पाहवत नाही. रोजच्या मालिकेचा भाग ज्या खटक्यावर संपतो तो खटका दुसऱ्या दिवशी उलगडला की संपला; दुसऱ्या खेपेला त्यात जीव नसतो. ‘मालगुडी डेज’मध्ये बहुतेक कथा एका भागात पुऱ्या होतात, त्यामुळे कुठूनही शिरता येतं. आणि पणाला लागलेलं असतं ते लहान असतं: क्रिकेटची बॅट, शाळेतली छडी, लॉटरीत लागलेलं आणि कुठे ठेवावं हे न कळणारं रस्ता दाबायचं इंजिन. जीव टांगणीला लागलेला नसला की माणूस आजूबाजूला पाहतो. दिग्दर्शकाने तिथे पाहण्यासारखं ठेवलेलं असावं लागतं, एवढंच. शंकर नागांनी आगुंबेच्या खऱ्या घरांत, खऱ्या रस्त्यांवर चित्रण केलं. स्वामीचं घर म्हणून दिसतं ते ‘दोड्डमने’, शंभराहून अधिक वर्षांचं मोठं घर, आजही तिथे उभं आहे. ‘गाईड’ चित्रपटाने नारायण यांच्या मालगुडीला राजस्थानात नेलं तेव्हा ते नाराज झाले आणि त्यांनी त्यावर लेखही लिहिला. त्यांची तक्रार रास्त होती असं मला वाटतं. या कथांमध्ये गाव काढून घेतलं तर फार थोडं उरतं.

आणखी एक गोष्ट बदलते, ती पाहणाऱ्याकडची. ‘हीरो’ या भागात वडील वर्तमानपत्रात एका धाडसी मुलाची बातमी वाचतात आणि आजीला बिलगून झोपणाऱ्या स्वामीला आव्हान देतात: आज रात्री एकट्याने माझ्या कचेरीच्या खोलीत झोपून दाखव. घाबरलेला स्वामी अंधारात कोणाच्या तरी पायाचा कडकडून चावा घेतो आणि तो निघतो चोर. गावभर कौतुक होतं, आणि दुसऱ्या रात्री हा वीर पुन्हा आजीजवळ. मास्टर मंजुनाथने साकारलेल्या स्वामीच्या वयाच्या मुलांनी हा भाग तेव्हा पाहिला तो अंधाराची भीती उरात धरून. ती मुलं आता चाळिशी ओलांडून गेली आहेत, कित्येकांची स्वतःची मुलं त्या वयाची आहेत. त्यांनी तोच भाग आज लावला की नजर जाते गिरीश कर्नाडांनी रंगवलेल्या वडिलांकडे: पोर घाबरट राहू नये म्हणून केलेला हट्ट, घरातल्या बायकांचा मूक विरोध, आणि शेवटी मुलगा आजीच्या कुशीत परतल्यावर माघार घेणारा बाप.